मिठाचा नमुना

माणूस गेल्यावर त्याचं शरीर दोन-तीन तासांत ताठायला लागतं. सिव्हिलच्या डिप्लोमात हे कुणी शिकवत नाही. मला ते शरणम्मा अव्वाकडून कळलं. आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत आणि आडवं पुरतही नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीआड करतात. एकदा पाय ताठले की मांडी घालता येत नाही. म्हणून वडजीपुरात कुठल्याही लिंगायत घरात बाई गेली की आधी कुणीतरी शरणम्माच्या दाराकडे पळतं. रडायला नंतर वेळ असतो.

शरणम्माचं वय त्रेसष्ट. माहेर भालकीकडचं, कर्नाटकातलं, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच कानडी येतं. नवरा मुरुडच्या अडतीवर हमाल होता, तो जाऊन वीस वर्षं झाली. गावातल्या पुरुषांना पुरुष बसवतात, बायकांना ती. हे काम तिला कुणी दिलं नाही. सासू करायची, सासूचे हात थकले, हिनं हात पुढे केले. मयताला अंघोळ घालायची, कपाळाला, दंडाला विभूती लावायची, पाय दुमडायचे, पाठ भिंतीला टेकवायची आणि मान पडू नये म्हणून हनुवटीखालून कापडाची पट्टी नेऊन वर खुंटीला बांधायची. माझी आजी गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि दाराच्या फटीतून बघत होते. शरणम्मा आजीचे गुडघे चोळत तिच्याशी बोलत होती, "सैल सोड अक्का. घाई न्हाई. सैल सोड." आजीनं तिचं ऐकलं असं मला तेव्हा वाटलं होतं. अजूनही वाटतं.

तिला एकच मुलगी, तनुजा. लातूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. दोन हजार पंधराच्या सप्टेंबरात तिला डेंग्यू झाला आणि चौथ्या दिवशी दवाखान्यातच ती गेली. कागदपत्रं होईपर्यंत दीड तास गेला. पुढे लातूर ते गाव आणखी तासभर. शरणम्मानं हिशोब केला आणि जीपच्या मागच्या बाजूला पोरीजवळ बसून, गाडी चालू असताना तिचे पाय दुमडले. मुरुडच्या चौकात गर्दी होती, जीप थांबली होती, शेजारचा एक रिक्षावाला आत डोकावून बघत होता. तिनं त्याला सांगितलं, "बघू नगं बाबा, पोरीची जात हाय." आणि दुसरा पाय दुमडला.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे, गेल्या वर्षी सरकारी कागदावर असं लिहून आलं की तनुजा जिथं बसली आहे तिथं काहीच नाही.

आमची पुरायची जागा, तिला आम्ही रुद्रभूमी म्हणतो, गावाच्या पूर्वेला रस्त्यालगत आहे, सव्वा एकर. तिथं एकही कट्टा नाही, पाटी नाही, दगड नाही. आमच्या गावात तशी रीतच नाही. गेलेला माणूस शिवात मिसळला, मागं उरलं काय की त्यावर नाव लिहायचं, असं म्हणतात. पुरल्यावर वर्षभर मातीचा उंचवटा राहतो, वर्षश्राद्धाला तो सपाट करतात आणि वर हरळी येऊ देतात. पाटील असो की हमाल, दोघांवर सारखंच गवत. मला या रीतीचा अभिमान होता. पलीकडे मुसलमानांचं कब्रस्तान आहे, त्याला भिंत आहे, आत उंचवटे दिसतात. नदीकाठी हिंदूंचं दहनशेड आहे, त्याचा पत्रा दोन किलोमीटरवरून चमकतो. आमच्या जागेत फक्त हिरवं गवत.

तीन वर्षांपूर्वी गावाच्या मोजणीला ड्रोन आला. वरून फोटो काढले, ऑफिसात बसून कुणीतरी त्या फोटोंवर रेघा मारल्या. कब्रस्तान कब्रस्तान म्हणून आलं. शेड शेड म्हणून आलं. आमची सव्वा एकर "शासकीय रिकामी जागा" म्हणून आली. सातबाऱ्यावर ती पूर्वीपासून गायरान होती, कुणी कधी नोंद करून घेतलीच नाही. मेलेल्यांना उतारा कशाला लागतो, असं आमच्या आधीच्या पिढ्यांना वाटलं असणार.

आता सरकारच्या स्मशानभूमीच्या धोरणाबद्दल. धोरण चांगलं आहे आणि ते मी आधीच मान्य करते. गावात सगळ्या जातीधर्मांना खुली स्मशानभूमी असावी, नसेल तर शासन शेड बांधून देईल. आमच्या गावात याची गरज होती, कारण नदीवरच्या शेडाला कुलूप आहे. किल्ली सरपंचांच्या चुलतभावाकडे असते. बौद्ध वस्तीतलं कुणी गेलं की ती किल्ली नेमकी सापडत नाही. वस्तीतले लोक नाल्याच्या काठी उघड्यावर जाळतात. पावसाळ्यात डिझेल आणि टायर टाकून जाळतात. एका कुलपावर हातोडा मारला असता तर धोरण वडजीपुरात दहा मिनिटांत राबवून झालं असतं.

सरपंच रामकिशन यांनी हातोडा उचलला नाही. त्यांनी दुसऱ्या शेडाचा प्रस्ताव केला, नकाशात रिकामी जागा शोधली आणि रस्त्यालगतची आमची जागा त्यांना सापडली. वस्तीत जाऊन ते म्हणाले, "तुम्हाला नवीन शेड देतोय, पण लिंगायत आडवे पडालेत." आमच्या आळीत येऊन म्हणाले, "वस्तीचा लई जोर हाय, मी तरी काय करू." एकाच दिवशी, एकाच मोटरसायकलवर.

आमच्यातले शहाणे कमी नव्हते. शिवप्पा काकांचं किराणा दुकान आहे आणि समाजाचे अध्यक्षही तेच. ग्रामसेवकानं त्यांच्यापुढे कागद ठेवला : सदर जागेवर समाधी, चबुतरा, पक्के वा कच्चे बांधकाम नाही. काकांनी सही केली. पुढे आम्ही जाब विचारायला गेलो तर म्हणाले, "खोटं काय लिहिलंय त्यात? आपण बांधत न्हाई. आपली रीत हाय. उलट मी त्याला छाती ठोकून सांगितलं."

शरणम्मा म्हणाली, "छाती ठोकायच्या आधी घरात बायकोला विचारायचं होतं. तिची माय कुठं बसलीय."

काका साखर मोजत राहिले.

शरणम्माला समाजाशी, योजनेशी, मोजणीशी देणंघेणं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच की तनुजाच्या अंगावर खड्डा खणायचा नाही. मी लातूरच्या माती-काँक्रीट तपासायच्या एका लॅबमध्ये काम करते, मला कागद वाचता येतात, म्हणून ती मला म्हणाली, "स्वप्ना, चल. कुठं अर्ज करायचा तिथं कर."

सेतू केंद्रात रविकिरण नावाचा पोरगा संगणकावर बसतो. दफनभूमीसाठी जागा राखून मागायचा अर्ज ऑनलाइन होता. नाव भरलं, गाव भरलं, धर्माच्या रकान्यात हिंदू निवडलं आणि खालचा "दफन" हा पर्याय करडा पडला. दाबला तरी दाबेना.

"ताई, हिंदू टाकलं की दफन बंद होतंय," रविकिरण म्हणाला. "फक्त दहन येतंय."

"इतर टाका."

त्यानं टाकलं. अल्पसंख्याक असल्याचा दाखला जोडा असं आलं. आमच्या सगळ्यांच्या दाखल्यांवर हिंदू लिंगायत आहे.

रविकिरणनं मान खाजवली. पोरगा वाईट नव्हता, त्याला मदत करायची होती. "मुस्लिम टाकू का? लगेच पुढं जातंय. मागून ऑफिसात सांगा तुम्ही."

शरणम्मा पडद्याकडे बघत होती. "टाक की. पण मग बसवायचं का झोपवायचं, ते बी इचारतंय का तुझं मशीन?"

मागं रांगेत उभा असलेला एक मुसलमान म्हातारा हसला. म्हणाला, "अम्मा, हमारे में आ गये तो सोना पडेगा." ती पण हसली. मी हसले नाही. ज्या दाखल्यावर तनुजाला कॉलेजात घेतलं, त्याच दाखल्यावर तिला जमिनीत ठेवायला मनाई होती. आणि ही मनाई कुणी मनात आणून केलेली नव्हती. कुठल्या तरी ऑफिसात माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच शिकलेल्या कुणीतरी एका धर्मापुढे एक पर्याय जोडून दिला होता आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवला होता. आम्ही कोण, स्वतंत्र धर्म की हिंदू, यावर आमच्यातले मोठे पुरुष लातूरला मंडप घालून भांडतात. दोन्ही मंडपांतल्या लोकांना मी फोन केले. दोन्हीकडून मला मोर्चाची तारीख मिळाली.

मे महिन्यात पंचायत समितीचा कंत्राटी अभियंता जागेवर आला. अश्वजित नाव, हदगावकडचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. घमेल्यात चुना घेऊन तो खांबांच्या जागा आखत होता. शरणम्मा आणि मी पोचलो तेव्हा चार चौकोन आखून झाले होते. पाचवा आखणार तिथं ती जाऊन उभी राहिली.

"माय, बाजूला व्हा जरा. लाईन पुसून राहिली."

"हितं कोण हाय, ठावं हाय का तुला?"

"कागदावर कोणी न्हाई."

"खाली हाय. माझी तनुजा. तुझ्याएवढी झाली असती." मग ती चालायला लागली आणि बोट दाखवत गेली. "ही सुशीलाबाई. हिच्या डाव्या अंगाला हिची सून, बाळंतपणात गेली. ही ह्या स्वप्नाची आजी. तू घमेलं ठेवलंस ना, ती गंगव्वा, लई चिडकी होती, उचल ते." तिनं एकेचाळीस बायका दाखवल्या. कुठंही थांबून आठवावं लागलं नाही.

अश्वजितनं घमेलं उचललं. पण त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती. "तुम्ही आत्ता आलात, माय. माझी आई गेली तव्हा जुलै होता. आमच्या गावात बी शेडाला कुलूपच. टायर टाकून जाळली तिला, अर्धी जळली, पुन्हा डिझेल आणायला मीच गेलो. तव्हा तुमच्या कोण्या समाजानं अर्ज केला होता का? इथं वस्तीतले लोक नाल्यावर जाळून राहिले, ते तुम्हाला रस्त्यावरून दिसत न्हाई?"

"दिसतंय."

"मग?"

मी पण तो धूर लहानपणापासून पाहत आले होते, नाकाला ओढणी लावून.

"तुमच्यात म्हणे सगळे सारखे," अश्वजित म्हणाला. "आठशे वर्षांपासून सांगून राहिले. वस्तीतली बाई गेली तर हितं बसवाल?"

"मला बोलाव. बसवते."

"अन् तुमचा समाज?"

"समाज काय मुडदे बसवतो का? मी बसवते. माझे हात हायत." तिनं हात पुढे करून दाखवले, जणू तो ते तपासून घेणार होता. "पण तुझ्या माणसांना हे शेड देऊन नदीवरचं कुलूप तसंच ठेवणार हाय तो रामकिशन. तुला ते कळत न्हाई असं न्हाई."

"कळतं," तो म्हणाला. "मी कंत्राटी हाय, माय. मला साईट बदलायचा अधिकार न्हाई. माती खराब निघाली तर गोष्ट वेगळी."

हे तो सहज बोलला होता. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "पुरताना खाली काय काय टाकता?"

"विभूती. बेल. मीठ."

"मीठ किती?"

"पोतंभर. जास्त बी."

अश्वजितनं माझ्याकडे बघितलं. मी लॅबमध्ये रोज जे करते ते त्यालाही माहीत होतं. मिठात क्लोराइड असतं आणि क्लोराइड काँक्रीटमधली सळई आतून गंजवतं. पायाच्या मातीत ते मर्यादेबाहेर असेल तर मंजूर नकाशावर बांधता येत नाही, अंदाजपत्रक बदलावं लागतं, फाईल परत जाते. काळ्या मातीत पाणी सहज झिरपत नाही, चार-पाच फुटांवर पुरलेलं मीठ दहा वर्षांनीही तिथंच सापडू शकतं. आणि बांधकामाआधी मातीचा नमुना घेणं नियमातच होतं. असल्या छोट्या कामाला तो कुणी घेत नाही, कागदावर घेतल्याचं दाखवतात.

"खरा नमुना घ्यावा लागेल," मी म्हणाले.

"घेतो. पण कोपऱ्यात कुठंतरी घेतला तर माती चांगलीच येईल. मीठ जिथं हाय तिथूनच घ्यावा लागतो." त्यानं शरणम्माकडे न बघता सांगितलं, "कोणाच्या तरी खड्ड्यातून."

त्या संध्याकाळी शिवप्पा काकांच्या दुकानापुढे बैठक बसली. मठाचे रामलिंग अय्या आले होते, आमच्यातले सगळे विधी तेच करतात. मी सांगितलं, चार इंच रुंदीचं भोक, हातानं फिरवायचं यंत्र, पाच फूट खोल, एका ठिकाणी. अय्यांनी डोळे मिटले.

"समाधीला पुन्हा हात लावत न्हाईत. शास्त्र हाय."

"अन् जेसीबीचा हात लागला तर शास्त्राला चालतंय का?" शरणम्मानं विचारलं.

"तो पाप करणारा वेगळा. आपण आपल्या हातानं करायचं न्हाई."

"तुम्हीच सांगता की तिथं कोण उरत न्हाई म्हणून. शिवात मिसळलं. मग हात कुणाला लागतोय, अय्या?"

अय्या म्हणाले, बाईमाणसानं शास्त्रात पडू नये. मग तिनं एकेकाला विचारलं. शिवप्पा काकांना म्हणाली, तुमच्या वडिलांची जागा सांगा. त्यांच्या घरात ज्येष्ठात लग्न होतं, म्हणून नको. दुसऱ्याचा भाऊ पुण्याला होता, त्याला विचारल्याशिवाय सांगता येत नव्हतं. तिसऱ्याला वडील कुठं बसलेत तेच आठवत नव्हतं. आणि हेच लोक पंधरा दिवस "आमच्या पूर्वजांच्या अस्थी" असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहीत होते. माझीही आजी होती तिथं. घरी जाऊन वडिलांना विचारते, एवढंच माझ्या तोंडून निघालं, आणि त्या वाक्याची लाज मला आजही आहे.

शरणम्मा उठली. "तनुजाची घ्या. जाऊ द्या बाकीचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अश्वजित यंत्र घेऊन आला. लांब दांड्याचा गिरमिट असतो तसं ते असतं, वर आडवी मूठ, खाली पातं. शरणम्मानं त्याला समजावलं. आमचा खड्डा सरळ नसतो. आधी एक खड्डा घेतात आणि त्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरतात. माणूस बसतो कोनाड्यात, मीठ आणि माती भरतात पुढच्या खड्ड्यात.

"तोंड उगवतीला हाय तिचं. ती हितं." तिनं गवतावर हात ठेवला. मग तिथून पूर्वेला दीड हात मोजला. "मीठ हितं. ह्याच्या अलीकडं येऊ नगस."

"न्हाई येत, माय."

तो मूठ फिरवायला लागला. काळ्या मातीचे पेढ्यासारखे गोळे वर येत होते. तो प्रत्येक गोळा ओळीनं पोत्यावर ठेवत होता. ती जवळ बसून प्रत्येक गोळ्याकडे बघत होती. तीन फुटांपर्यंत माती सारखीच. चार फुटांना ती करडी झाली आणि तिच्यात बारीक कण चमकले. अश्वजितनं यंत्र हळू केलं. पुढचा गोळा काढला, प्लास्टिकच्या पिशवीत भरला, तोंड बांधलं, चिठ्ठीवर तारीख, खोली आणि खांब क्रमांक पाच असं लिहिलं.

"नाव लिही की," ती म्हणाली.

"नावाचा रकाना न्हाई, माय."

भोक बुजवायला तो पुढे झाला तसं तिनं त्याचा हात बाजूला केला. उरलेले गोळे क्रमानं, खालचा आधी, असे एकेक आत सोडले. भोक भरलं. तरी ती तळहातानं तिथली माती दाबत राहिली. बराच वेळ दाबत राहिली. अश्वजित मोटरसायकलजवळ जाऊन पाठमोरा उभा होता.

नमुना आमच्या लॅबला दिला नाही, मी गावची म्हणून. दुसरीकडे गेला. एकोणीस दिवसांनी अहवाल आला आणि ग्रामसभेत ग्रामसेवकानं तो वाचला. मातीतील क्लोराइडचे प्रमाण अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक, सबब सदर जागा मंजूर आराखड्यानुसार आरसीसी बांधकामास अयोग्य. प्रस्ताव रद्द.

शिवप्पा काकांनी टाळी वाजवली. "शिवाची कृपा," असं कुणीतरी म्हणालं. ज्यांनी आपल्या बापाची जागा सांगितली नव्हती ते सगळे एकमेकांना हात देत होते. मला ओरडावंसं वाटत होतं. एका आईनं एकेचाळीस बायका नावानिशी दाखवल्या, तेव्हा कुणाला विश्वास बसला नाही. मूठभर माती बोलली तर अर्ध्या पानात निकाल. आणि त्या अर्ध्या पानात एकाही मेलेल्या माणसाचा उल्लेख नाही. जागा अजूनही रिकामीच आहे. फक्त तिची माती खराब आहे.

रामकिशन सरपंच हुशार माणूस. त्यांनी लगेच पुढचा विषय घेतला. "शेड तर करायचंच हाय, शासनाचं धोरण हाय. नाल्याच्या काठाला सरकारी जागा हाय, तिथं घेऊ."

वस्तीतले लिंबाजी, सत्तरीचे असतील, कोपऱ्यातून म्हणाले, "नाल्यावर आम्ही हावच की सरपंच. आधीपास्नं हाव. फक्त पत्रा टाकून देणार म्हणा."

दोन-चार जण हसले. शरणम्मा उभी राहिली. बायका ग्रामसभेत मागं बसतात आणि हजेरीच्या सह्या करून निघून जातात, उभ्या राहत नाहीत.

"नदीवरचं कुलूप काढा," ती म्हणाली. "शेड हाय की गावात. दुसरं कशाला?"

"काकू, तुमचं काम झालं ना? बसा आता. तुमच्यात जाळत बी न्हाईत, तुमचा काय संबंध?"

"माझी पोरगी खणली त्या शेडापायी. माझा संबंध न्हाई तर कुणाचा हाय?"

"कुणी खणली? तुम्हीच जागा दाखवली. आम्ही म्हणलो होतो का?"

ते खरं होतं. शरणम्मा सरपंचांकडे बघत उभीच राहिली. मग ग्रामसेवकाकडे वळून म्हणाली, "लिही. मातीत मीठ कुठनं आलं ते लिही. हितं माणसं बसलीत म्हणून आलं. आणि दुसरं, नदीवरचं शेड समद्यांचं. दोन्ही लिही."

ग्रामसेवक म्हणाला की पहिली गोष्ट अहवालात नाही, म्हणून इतिवृत्तात घेता येत नाही. दुसरी विषयपत्रिकेवर नाही. लिंबाजी उठले आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. आमच्या आळीतला एकही पुरुष उठला नाही. शेवटी मी उठले, उशिरा. वस्तीतले सात-आठ जण उठले. सरपंचांनी गणपूर्ती नाही असं जाहीर करून सभा तहकूब केली. तेव्हा सभागृहात दीडशे माणसं होती.

नदीवरचं कुलूप अजून आहे. नाल्याकाठचा प्रस्ताव अजून मंजूर नाही, कारण शरणम्मा आणि लिंबाजी यांनी त्यावर हरकत घेतली आहे. पंचायत समितीत तो हरकतीचा अर्ज अश्वजितनंच घेतला आणि पोच दिली. यंदा त्याचं कंत्राट वाढवलं नाही. त्यानं कारण विचारलं, कळवलं गेलं नाही. तो आता हिमायतनगरला एका ठेकेदाराकडे आहे.

शरणम्माचा स्वतःचा अर्ज वेगळा आहे. तो मी लिहिला, तिनं सही केली, कानडीत. चार ओळींचा आहे. वडजीपूरच्या या जागेत आमची माणसं पुरलेली आहेत, तशी नोंद घ्यावी, सोबत एकेचाळीस नावं जोडली आहेत. ती दर सोमवारी एसटीनं तहसीलला जाऊन त्याची चौकशी करते. बाई गेल्याचं बोलावणं आलं तरच सोमवार चुकतो.

मागच्या सोमवारी मी सोबत होते. टेबलावरचा कारकून तिला आता ओळखतो. खुर्ची देतो, पाणी देतो. तो म्हणाला, "आजी, शेड रद्द झालं. तुमची जागा वाचली. आता कशाला येता एवढ्या उन्हाचं?"

शरणम्मा पाणी प्यायली आणि तिनं ग्लास टेबलावर ठेवला.

"पोरीजवळ भोक पाडून वाचली," ती म्हणाली. "तेवढं लिहून घ्या. मग न्हाई येत."